वीतभर तगर

तगरीला पहिलं पान फुटलं तेव्हा तुळसाबाईनं ते कोणाला सांगितलं नाही. रोजच्यासारखं अंगण झाडलं आणि दाराच्या डाव्या अंगाला आली तेव्हा जरा जास्त वेळ वाकून राहिली, एवढंच. पण सुनेची नजर तिच्यावर होती. कमरेवरची घागर खाली ठेवत कौसल्या म्हणाली, "फुटली नं, आत्याबाई?"

"हळू बोल व. सारी वस्ती जागी करतं का?"

"पान त दिसून राह्यलं."

"पान दिसलं म्हून लागली असं नसते. फांदीच्या आंगात रस असते तवरोक ते पान काढते. खाली मूळ धरलं त खरं."

"मंग एक उपटून पाहू का?"

"उपटून पाह्यलं त धरलेलंई सुटते." तुळसाबाई उठली, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हली आणि फांद्यांवर आडवं केलेलं फुटकं सूप पुन्हा नीट टेकवलं. सकाळचं ऊन चालत होतं, दुपारचं नको होतं.

दाराच्या डाव्या अंगाची ती जागा तीन वर्षं रिकामी होती. तिथं पूर्वी शेंदूर लावलेला दगड असे. छप्पन सालच्या दसऱ्याला घरातली माणसं नागपूरला जाऊन आली आणि आल्यावर भीमराजनं, तुळसाबाईच्या थोरल्या मुलानं, तो दगड खांद्यावर घेऊन नाल्यात सोडला. त्याच आठवड्यात वस्तीनं ठरवलं, की पाटलाच्या अंगणातली झाडलोट बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद, कोणी टाकलेलं, फेकलेलं घरात आणणं बंद. तुळसाबाईनं कुरकूर केली नाही. बाबाराव पाटलाच्या घरचा खराटा तिनं स्वतः नेऊन त्यांच्या फाटकाला टेकवला आणि परत आली. पुढं त्या घरातलं काही तिला आठवत नसे. एक तगर तेवढी आठवे.

पाटलाच्या फाटकाजवळ ती तगर माणसाहून उंच वाढलेली होती. उन्हाळ्यात गावातली झाडं वाळून खडखड वाजायची, तेव्हाही तिची पानं तेल चोळल्यासारखी हिरवी असायची. पांढरी फुलं बारा महिने. झाडावरची फुलं पाटलाच्या देवाला जायची, खाली पडलेली तुळसाबाई झाडून उकिरड्यात टाकायची. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून तिनं ती फुलं झाडली होती. एकही कधी उचलून हातात घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर कोणी पाहिलंही नसतं, पण पडलेलं फूल तिला नकोच होतं. झाडावरचं कसं दिसतं ते ती पाहून घ्यायची आणि पुढं झाडत जायची.

रिकाम्या जागेत काय लावायचं यावरून घरात बोलणं झालं होतं. भीमराज म्हणाला होता, पिंपळ लावू. कौसल्या म्हणाली, पिंपळ भिंत फोडीन. धाकट्या गोविंदाला मिरची आणि वांगी लावायची होती. तुळसाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तगर लावाची."

"तगर खाता येत नाही, इकता येत नाही," गोविंदा म्हणाला. "कायले लावाची मंग?"

"पाहाले."

एवढंच म्हणाली, आणि तगर ठरली.

पण तगर लागेना. कौसल्येनं आर्णीच्या दवाखान्याच्या कुंपणातली फांदी चौकीदाराला विचारून आणली, ती वैशाखात वाळली. दुसरी आषाढात लावली, तर काळ्या मातीत पाणी तुंबून ती खालून सडली. श्रावणात गोविंदा फांद्यांचा भाराच घेऊन आला. तो बाबाराव पाटलाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पाटलानं तगर छाटायला लावली होती, कारण फाटकातून आत येताना गाडीवरच्या ओझ्याला फांद्या घासत. "नेऊन फेक तिकडं," पाटील म्हणाला. गोविंदानं त्या घरी नेल्या.

तुळसाबाईनं त्यातल्या बोटाएवढ्या जाड तेवढ्या निवडल्या. कोवळ्याही नको, जुनाटही नको. वीत मोजून तुकडे केले, खालची पानं काढली, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापली. चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवले. तोवर कौसल्येनं जागेवरची काळी माती उकरून टाकली आणि नाल्यातली रेती अन बकरीच्या जुन्या लेंड्या मिसळून खड्डा भरला. त्यात पाच तुकडे तिरपे खोचले. रोज सांजेला नाल्याचं पाणी आणायचं काम कौसल्येचं. तिनं ते कधी चुकवलं नाही. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याबरोबर तिचा संसार असा झालाच नव्हता. भीमराज यवतमाळला छापखान्यात खिळे जुळवायचा, पाटीपुऱ्यात एका खोलीत राहायचा, महिन्याकाठी एखादा दिवस यायचा आणि जाताना म्हणायचा, यंदा मोठी खोली पाहतो. तो गेला की कौसल्या सासूशी बोलायची. आता सासू आणि तगर, दोघींशी बोलायची.

*

भादव्याच्या पौर्णिमेला भीमराज आला. आर्णीपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी. पिशवीत काच लावलेली बुद्धाची तसबीर होती, मेणबत्त्या होत्या. वस्तीतली पहिली वंदना आपल्या अंगणात व्हावी हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. आल्या आल्या आईच्या पायाशी वाकला, दारापुढं उभा राहिला आणि डावीकडं पाहून म्हणाला, "अरे! लागली वाटते?"

"लागली," तुळसाबाई म्हणाली.

"आर्णीची?"

तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, सतरंजी कुठं टाकायची म्हणून, आणि तो तिकडं गेला. तुळसाबाईला उत्तर द्यावं लागलं नाही. कौसल्येनं सासूकडं पाहिलं. सासूनं पदर सारखा केला.

उन्हं उतरल्यावर माणसं जमली. बाया धुतलेली लुगडी नेसून आल्या, माणसं टोप्या काढून बसली. स्टुलावर तसबीर ठेवली. भीमराजनं वंदना म्हटली, लोक मागून म्हणत गेले. कोणाला शब्द आले, कोणाला नाही, पण आवाज एक झाला. मग तो बोलायला उभा राहिला. बोलता त्याला चांगलं यायचं.

"आपण दगड सोडला, तो सोपा होता," तो म्हणाला. "सवय सोडणं कठीण. मी लहान होतो, तवा टोपलं घेऊन पाटलाच्या घरामागं उभा राहात होतो. उरलेल्या भाकरी वरून टोपल्यात पडायच्या. त्या टोपल्याचा आवाज अजूनई माया कानात हाये. आता कोणाचं टाकलेलं आपण उचलाचं नाही. सोनं असलं तरी नाही."

लोकांनी माना हलवल्या. एकीनं डोळे पुसले. भीमराजला बरं वाटलं. आपण छापलेलं बोलत नाही, जगलेलं बोलतो आहोत, असं त्याला वाटलं.

मग गुळाचा चहा झाला. उकंडा, वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, बशी घेऊन दाराच्या डाव्या अंगाला सरकला. मनानं निर्मळ, पण तोंडाला कडी नसलेला. सूप उचलून त्यानं खाली पाहिलं आणि खुशीत ओरडला, "बापा बापा! पाटलाची तगर लागली व तुळसाबाई तुया दारी! पाचच्या पाच! म्या त त्या दिवशी गोविंदाले म्हटलं, फेकलेल्या फांद्याइनं काय होते?"

अंगणातला आवाज बसला. चहा पिणारी माणसं भीमराजकडं पाहू लागली.

भीमराजला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्याचे कान तापले. "फेकलेल्या?" त्यानं गोविंदाला विचारलं. "कोठून आणल्या बे?"

"पाटलाच्या फाटकातल्या हायेत," गोविंदा म्हणाला. "म्याच छाटल्या. पाटील म्हणे फेक, म्या घरी आणल्या. चोरल्या नाही, दादा."

"चोरल्या असत्या त मले कमी वाईट वाटलं असतं!"

"दादा, फांद्या होत्या. भाकर नोती."

"आज फांदी, उद्या काय? मी आता लोकाइपुढं काय बोललो? अन माया पाठीमागं, दारातच...." मोठ्या माणसासारखं बोलून झाल्यावर लहान पोरासारखं उघडं पडल्याचं दुःख त्याला होत होतं, आणि ते त्याला रागासारखं वाटत होतं.

"फांदी जमिनीवर पडली म्हून काय तिची जात बदलते का?" एक तरुण बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "भीमराजचं खरं हाये. पाटील उद्या चावडीवर सांगीन, आमचा कचरा नेते अन बाग लावते." उकंडा बशी हातात धरून कावराबावरा झाला होता. "म्या त सहज बोललो, बाप्पा."

कौसल्या आतापर्यंत उंबऱ्यात होती. ती बाहेर आली. एवढ्या लोकांत नवऱ्याशी ती कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"तुमी महिन्यातून एक रोज येता. तुमाले काय ठाऊक? आर्णीची फांदी वाळली, दुसरी सडली, आत्याबाईनं दोन रोज धड खाल्लं नाही. हे पाच वीतभर तुकडे रोज पाणी पिऊन राह्यले, अन ते पाणी मी नाल्यातून आणते. पाटील नाही आणत."

"मी पाण्याचं नाही बोलत."

"मी पाण्याचंच बोलून राह्यली!"

भीमराज ताडकन उठला, सूप बाजूला फेकलं आणि पहिल्या फांदीला हात घातला.

"हात लावू नको," तुळसाबाई म्हणाली. ती ओरडली नाही, पण त्याचा हात थांबला. "म्या लावल्या. काय कराचं ते मी करीन." मग ती सगळ्यांकडं वळली. "भीमराज बरोबर बोलून राह्यला. फेकलेलं आणलं, हे चुकलं. मले आल्या दिवशीच ठाऊक होतं. तगर पाहून मायं मन फिरलं. म्हून तवा कोणाले बोलली नाही."

कौसल्येच्या तोंडाकडं पाहवेना. ज्या सासूसाठी ती चारचौघांत नवऱ्याला उलटून बोलली, त्या सासूनंच तिला एकटं पाडलं होतं. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. भीमराज जिंकला होता, तरी त्याला कोणाकडं पाहायला जागा उरली नव्हती.

"मंग उपटाच्या का?" उकंडानं हळूच विचारलं.

"सकाळी पाहू," तुळसाबाई म्हणाली. "चहा प्या सारे. थंडा होऊन राह्यला."

*

सकाळी गोविंदा पाटलाच्या गोठ्यात बैलांना कडबा टाकत होता. त्याला रात्रभर नीट झोप लागली नव्हती. दादाचा राग उतरेल, वहिनीचा रुसवा जाईल, पण ही गोष्ट पाटलाच्या कानावर कशी जाते त्यावर त्याचं साल अवलंबून होतं. पाडव्यापर्यंत बोली होती. अध्येमध्ये हाकलला तर पोटाला कुठं जायचं?

आणि त्यानं मान वर केली, तर फाटकात आई उभी.

मागच्या बाजूला, जिकडून ती आयुष्यभर यायची, तिकडं ती गेली नव्हती. समोरच्या फाटकात, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. शेजारीच ती तगर, छाटल्यामुळं एका बाजूनं भादरल्यासारखी. दुसऱ्या बाजूला फुलं होती.

बाबाराव पाटील ओसरीवर दात घासत होता. चाळिशीतला माणूस, बाप गेल्यावर कारभार त्याच्याकडं आला होता. तो दुष्ट नव्हता. त्याला भांडणं आवडत नसत, आणि बापानं केलं तसं करत राहिलं की भांडणं होत नाहीत असं त्याला वाटे. चूळ भरून तो म्हणाला, "काय तुळसा? गोविंदाशी काम हाये का?"

"तुमच्याशी काम हाये, पाटील."

गोविंदाच्या हातातला कडबा तसाच राहिला.

"सावनात तुमी ही तगर छाटली," तुळसाबाई म्हणाली. "फांद्या फेकाले सांगतल्या. गोविंदानं त्यातल्या घरी आणल्या. म्या लावल्या. पाच लागल्या. ते सांगाले आली मी."

बाबारावला हसू आलं, सुटल्याचं हसू. "हात तिच्या! मले वाटलं काय झालं! फेकलेल्याच होत्या नं? राहू दे. मी कायले मना करू?"

"तुमी मना नाही करणार. पण आमी फेकलेलं घेत नाही आता. साऱ्या गावाले ठाऊक हाये."

"मंग वापस करतं का?"

"जित्तं झाड उपटत नसतात. तुमी मले एक फांदी द्या. फेकून नाही, हातात. मंग मी घरी सांगीन, पाटलानं देल्ली."

बाबारावनं रस्त्याकडं पाहिलं. विहिरीवरून येणाऱ्या दोन बाया घागरी घेऊन थबकल्या होत्या. समोरच्या ओट्यावर एकजण दातवण चघळत उभा होता. आणि रस्त्यापलीकडं, निंबाखाली, भीमराज. आई उठून कुठं निघाली म्हणून तो मागोमाग आला होता, तिला हाताला धरून परत न्यायला. पण फाटकापर्यंत आला नव्हता. तिचं बोलणं ऐकून जागच्या जागी थांबला होता.

"गोविंदा," बाबाराव म्हणाला, "तोडून दे रे तुया मायले एक फांदी."

"गोविंदा त मायाच पोरगा, पाटील," तुळसाबाई म्हणाली. "त्यानं देल्ली त मीच मले देल्ली."

दातवणवाला हसला. बाबाराव लाल झाला. तो रागावून आत जाईल असं गोविंदाला वाटलं. पण म्हातारी काही वावगं बोलली नव्हती. आवाज चढवला नव्हता. एक फांदी मागत होती. नाही म्हणावं तर कशासाठी नाही म्हणतो, ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. ते त्याच्यानं होईना.

त्यानं कोयता घेतला, तगरीजवळ आला आणि एक चांगली हातभराहून लांब फांदी तोडली. तोडलेलं टोक आपल्या मुठीत धरलं आणि पालवीचं टोक दूरवरून तिच्याकडं केलं. मध्ये सगळी फांदीच फांदी.

तुळसाबाईनं हात पुढं केला नाही.

"एवढी लांब कायले, पाटील?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच शेतीभातीचं बोलणं होतं. "लांब लावली त पानंच सारं पाणी पिते, मूळ धरत नाही. वीतभर पुरते. इथून कापा. पाहा, ही गाठ हाये नं, तिच्या खालून."

तिनं बोटानं जागा दाखवली. बाबारावनं फांदीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि कापली. पांढरा चीक त्याच्या अंगठ्यावर आला. आता हातात वीतभर काडी उरली. अर्धी त्याच्या मुठीत मावली, उरलेली अर्धी तिच्या मुठीपुरतीच होती.

त्यानं ती पुढं केली. तिनं घेतली. घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि चिकाला जरा चिकटली. दोघांनीही हात घाईनं ओढला नाही. ओढताच आला नसता, फांदी पडली असती.

विहिरीवरच्या बायांपैकी एकीनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली.

"चीक पाण्यानं निघत नसते," तुळसाबाई म्हणाली. "गोडं तेल लावा." आणि वळून चालू लागली.

बाबाराव अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत थोडा वेळ उभा राहिला. मग गोठ्याकडं पाहून ओरडला, "काय पाहतं बे गोविंदा? बैलं सोड! वावरातली डवरनी पडली हाये सारी!"

त्या ओरडण्यात रोजचाच आवाज होता. गोविंदानं बैलांची दावी सोडली तेव्हा त्याला हसू येत होतं. बैलाच्या मानेआड तोंड लपवून त्यानं ते हसून घेतलं.

*

कौसल्या चुलीपुढं बसली होती. भीमराज धावत आत आला तेव्हा तिनं मान वळवली नाही. पण त्याला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नव्हतं, आणि घरात तीच होती.

"तुले सांगतो, माय फाटकात उभी! समोरच्या! पाटील म्हणते, गोविंदा देईन. माय म्हणते, तो त मायाच पोरगा. मंग त्यानं एवढी लांब फांदी केली पुढं, अशी, अशी दुरून...." हातात फुंकणी घेऊन तो करून दाखवू लागला. कौसल्या वळली. आधी रुसून ऐकत होती, मग नुसतीच ऐकू लागली. शेवटी तिनं विचारलं, "मंग देल्ली हातात?"

"देल्ली! बोटाले बोट लागलं, कौसल्या. रस्त्यावर. दिवसाढवळ्या." त्यानं तिचं नाव घेतलं हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

बाहेर तुळसाबाई खड्ड्यापाशी बसली होती. नवी फांदी सावलीत ठेवून चीक वाळायची वाट पाहत होती. भीमराज येऊन शेजारी उकिडवा बसला.

"माय, मी काल लोकाइपुढं बोललो...."

"बरोबर बोलला. ते सोडू नको." तिनं नवीन फांदीची खालची पानं काढायला घेतली. "पण नाही घेत, नाही घेत म्हणून घरी बसलं, त झाड कोठून येते? मांगा लागते बापा. मान वर करून मांगा लागते. ते तुले भाषणात सांगता नाही आलं, म्हून मी जाऊन आली."

"अन ह्या पाच?"

"त्याइचं मी पाटलाले तोंडावर सांगतलं. आता त्या लपवलेल्या नाही. अन त्याइले जित्तं आपण केलं." ती सुनेकडं वळली. "हिनं केलं. काल मी तुले एकटं पाडलं व पोरी. तुया बाजूनं बोलली असती, त तो रागात उपटून मोकळा झाला असता."

घागर उचलून कौसल्येनं खड्ड्यात बेतानं पाणी सोडलं. भीमराजनं तिच्या हातातून घागर घेतली आणि उरलेलं त्यानं घातलं; जरा जास्तच घातलं. दोघी एकदम ओरडल्या, "पुरे!"

सहावी फांदी खोचून झाली तेव्हा भीमराज म्हणाला, "माय, यातली एक मी यवतमाळले नेतो. खोलीच्या दारापुढं ठेवतो."

"डब्यात राहीन," तुळसाबाई म्हणाली. "खाली भोक पाड डब्याले."

गोविंदाच्या बकरीला पाणी पाजायचा डालड्याचा जुना डबा होता. खिळ्यानं त्याला भोकं पाडली. तुळसाबाईनं पहिल्या फांदीभोवती खुरप्यानं लांबून माती कापली आणि गोळाच्या गोळा हलकेच वर उचलला. रेतीच्या खालून चार पांढरी मुळं लोंबत होती, शिवणाच्या दोऱ्यासारखी.

"धरलं व माय!" कौसल्या म्हणाली.

तुळसाबाई नुसती पाहत राहिली. गोळा हातात तसाच होता. इतके दिवस तिनं एकदाही उकरून पाहिलं नव्हतं. मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती मुलावर खेकसली, "डबा धर नं! काय पाहतं?"

डबा भरून झाला. वर चुनखडी नसलेली नाल्याची रेती दाबली. तुळसाबाईनं हात झटकले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "छापखान्यात किती वाजता जातं तू?"

"सकाळीच."

"येतं कवा?"

"दिवस बुडता."

"अन तगरीले सांजीले पाणी कोण घालीन? दुपारी सावलीत कोण सरकवीन?"

"शेजाऱ्याले सांगीन."

"शेजाऱ्याच्या पाण्यानं तगर मरते. हिले ने."

कौसल्येनं उचललेली रिकामी घागर दगडावर आपटली. भीमराज बायकोकडं पाहायच्या ऐवजी डब्याकडं पाहू लागला. "माय, खोली लहान हाये. यंदा मोठी पाहतो म्हटलं...."

"डब्यातली तगर मावते अन बायको मावत नाही व्हय त्या खोलीत?"

"तुयाकडं कोण पाहीन मंग?"

"मायाकडं कायले पाहा लागते? मी काय डब्यात हाये? गोविंदा हाये. पाच तगरी हायेत." ती कौसल्येला म्हणाली, "जा, लुगडी बांध. मोटार चुकीन."

कौसल्या उभीच होती. जायचं तिला किती वर्षांपासून मनात होतं, ते सासूला ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं. "तुमाले करमन का, आत्याबाई?" तिनं विचारलं.

"नाही करमणार," तुळसाबाई म्हणाली. "जा."

आर्णीला पोचवायला तुळसाबाईही आली. इतकं चालू नको म्हटलं तरी आली. गोविंदाला पाटलानं दुपारनंतर सुट्टी दिली होती; कशासाठी पाहिजे ते विचारलं नव्हतं. गठोडं त्याच्या डोक्यावर होतं. डबा मात्र कौसल्येनं कोणाला दिला नाही.

मोटार गच्च भरली होती. कौसल्येला खिडकीपाशी जागा मिळाली. भीमराज दांडा धरून तिच्याजवळ उभा राहिला आणि गर्दीचा धक्का डब्याला लागू नये म्हणून त्यानं कोपर आडवं धरलं. शेजारी बसलेल्या बाईनं वाकून डब्यात पाहिलं.

"काय हाये व यात? काडी?"

"तगर हाये."

"फूल येते का?"

"अजून नाही," कौसल्या म्हणाली. "येईन."

मोटार हलली. बाहेर तुळसाबाई खिडकीबरोबर चार पावलं चालत आली, इंजिनाच्या आवाजावरून ओरडत, "थंडीत पाणी कमी घालजो व! अन शेंडा खुडजो, नाही त नुसती उंच जाते! अन भीमराजले...." पुढचं ऐकू आलं नाही. कौसल्येनं खिडकीबाहेर हात काढून हलवला आणि मोठ्यानं ओरडली, "व्हय!"

मग ती भीमराजकडं पाहून म्हणाली, "काय म्हणे तुमच्याबद्दल?"

"काय ठाऊक," तो म्हणाला. "तू व्हय म्हटलं नं? आता करा लागीन."

ती हसली, आणि डब्यावर पदर धरला.